आधी नोट, मग बिल: एका दिव्यांग-सेवा एजन्सीने कागद सोडून सॉफ्टवेअर घेतलं त्याचा प्रकरण अभ्यास

अमेरिकेत बौद्धिक आणि विकासात्मक दिव्यांगत्व असलेल्या लोकांना घरी, ग्रुप होममध्ये आणि डे प्रोग्रॅममध्ये सेवा देणारी ही एक मध्यम आकाराची एजन्सी, आणि मी तिथे क्वालिटी आणि रेकॉर्डचं काम बघत होते. राज्य, एजन्सी, सॉफ्टवेअर कुणाचंच नाव देत नाहीये, माणसांना अक्षरं दिलीत ती पण बदललेली आणि आकडे थोडे गोल केलेत. या क्षेत्रात बिलिंग, आयटी, क्वालिटी असं काहीही करणारी बरीच मराठी मंडळी आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय, कारण आम्ही ज्या ठिकाणी अडखळलो तिथे बाकीचेही अडखळतात हे मला नंतर कळलं.

पार्श्वभूमी

पैसे कुठून येतात ते आधी बघू, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. सेवांचा बहुतेक खर्च मेडिकेड ही सरकारी आरोग्य योजना देते, म्हणजे केंद्र आणि राज्य मिळून. १९८१ साली सोशल सिक्युरिटी कायद्यात कलम १९१५(सी) आलं, त्याने राज्यांना सूट मिळाली की ज्या माणसाला एरवी संस्थेत राहावं लागलं असतं त्याला घरीच, समाजातच सेवा द्या आणि त्याचे पैसे मेडिकेडमधून घ्या. यालाच सगळे वेव्हर म्हणतात. प्रत्येक राज्याचे वेव्हर वेगळे, दर वेगळे, नियमांचं मॅन्युअल वेगळं, त्यामुळे एका राज्यात चालतं ते शेजारच्या राज्यात चालेलच असं नाही.

प्रत्येक माणसाचा एक प्लॅन असतो, आयएसपी. त्यात त्याला काय हवंय, काय शिकायचंय, कुठे मदत लागते हे लिहिलेलं असतं, आणि त्यावरून ऑथरायझेशन निघतं, की या तारखेपासून या तारखेपर्यंत या सेवेचे इतके युनिट. तासाच्या सेवांमध्ये एक युनिट म्हणजे १५ मिनिटं. डे हॅबिलिटेशनचा, म्हणजे डे प्रोग्रॅमच्या सेवेचा, बिलिंग कोड टी२०२१, पर्सनल केअरचा टी१०१९, दोन्ही १५ मिनिटांचे. ग्रुप होमला मात्र टी२०१६, तो दिवसाचा दर, तिथे मिनिटं मोजत नाहीत, माणूस त्या दिवशी घरात होता आणि सेवा मिळाली एवढंच बघतात. हा फरक लक्षात ठेवा, पुढे यातूनच मोठं प्रकरण निघालं.

आमच्याकडे चार ग्रुप होम, प्रत्येकी चार जण. डे प्रोग्रॅमला चाळीसेक लोक यायचे आणि वीसेक जण स्वतःच्या किंवा आईवडिलांच्या घरी राहून तासावर मदत घ्यायचे. प्रत्यक्ष काम करणारे डीएसपी, म्हणजे डायरेक्ट सपोर्ट प्रोफेशनल, नव्वदच्या आसपास. पगार कमी, काम अंग मोडणारं, माणसं टिकत नाहीत, ही या क्षेत्राची जुनी दुखरी नस आहे आणि सॉफ्टवेअर निवडताना हीच गोष्ट आम्ही डोळ्याआड केली.

कागदाचा कारभार असा होता की प्रत्येक घरात एक हिरवा बाइंडर, त्यात रोजच्या नोटा, म्हणजे त्या दिवशी माणसाला काय सेवा दिली त्याच्या लेखी नोंदी, औषधांचं शीट, घटनांचे फॉर्म. महिन्याच्या शेवटी हाऊस मॅनेजर बाइंडर ऑफिसला आणायची, पण बिल बाइंडरवरून बनायचंच नाही, ते बनायचं बिलिंगवाल्या ताईंच्या एक्सेल शीटवरून. ताई म्हणजे मी मनात त्यांना तसं म्हणायचे, ऑफिसात सगळे नावानेच हाक मारायचे. वीस वर्षं एकहाती त्यांनी ते सांभाळलं, कोणाचं ऑथरायझेशन कधी संपतंय ते तोंडपाठ. पण नोट आणि क्लेम, म्हणजे मेडिकेडला पाठवलेलं बिल, यांची गाठ कधीच पडायची नाही, एक कपाटात आणि एक राज्याच्या पोर्टलवर.

मग ईव्हीव्ही, म्हणजे इलेक्ट्रॉनिक व्हिजिट व्हेरिफिकेशन, आलं. डिसेंबर २०१६ च्या ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी क्युअर्स कायद्याने सांगितलं की घरी दिलेल्या पर्सनल केअरच्या प्रत्येक भेटीची इलेक्ट्रॉनिक नोंद हवी, त्यात सहा गोष्टी: कोणती सेवा, कोणाला, कोणत्या तारखेला, कुठे, कोणी दिली, आणि कधी सुरू कधी संपली. आधी २०१९ ची मुदत होती ती १ जानेवारी २०२० झाली, त्यावर बहुतेक राज्यांनी आणखी एक वर्षाची सवलत घेतली. ग्रुप होममध्ये जिथे चोवीस तास माणसं असतात तिथे हे लागू नाही, पण आमच्या घरी राहणाऱ्या वीस जणांना होतं. कागदावर हे करणं शक्यच नव्हतं. तेव्हा डायरेक्टर म्हणाल्या की घ्यायचंच आहे तर पूर्ण घेऊ, नोटा, औषधं, घटना, ईव्हीव्ही, बिलिंग सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये.

अडचण

एक जुलैला सगळीकडे एकदम सुरू केलं. ट्रेनिंग दोन तासांचं, त्यातला दीड तास लॉगिन आणि पासवर्ड यातच गेला. पहिले दोन आठवडे सगळं शांत होतं, मग जुलैच्या पूर्वार्धाचं बिल काढायला बसलो आणि स्क्रीनवर दिसलं की जवळजवळ निम्म्या सेवा 'होल्ड'वर आहेत. सॉफ्टवेअरचं म्हणणं सरळ होतं, नोट नाही तर क्लेम नाही.

ताईंच्या डोळ्यात पाणी आलं, खरंच. पंधरा दिवसांचा पगार सव्वा आठवड्यावर आलेला.

कारणं उकलत गेलो तेव्हा चार पाच वेगवेगळ्या गोष्टी एकाच लाल रंगात दिसत होत्या. काही ठिकाणी नोटच नव्हती. काही ठिकाणी नोट होती पण सही, म्हणजे सबमिटचं बटण, राहिलेलं. काही ठिकाणी नोटेतली वेळ आणि ईव्हीव्हीची वेळ जुळत नव्हती. आठ जणांची ऑथरायझेशनं जुन्या वर्षाचीच लोड झाली होती, राज्याचं आर्थिक वर्ष एक जुलैला बदलतं आणि आम्ही त्याच दिवशी सुरू केलं होतं, म्हणजे ज्या दिवशी सगळ्यात जास्त आकडे बदलतात तोच दिवस आम्ही निवडला. जे क्लेम पुढे गेले त्यातलेही काही रेमिटन्समध्ये, म्हणजे कोणत्या क्लेमचं काय झालं ते सांगणाऱ्या उत्तरात, १९७ आणि १९८ कोड घेऊन परत आले, एक म्हणजे ऑथरायझेशन नाही आणि दुसरा म्हणजे मंजुरीपेक्षा जास्त.

युनिटच्या गोळाबेरजेत, म्हणजे राउंडिंगमध्ये, पण घोळ होता. समजा एका माणसाला दिवसात दोन भेटी, प्रत्येकी १ तास १० मिनिटं. सॉफ्टवेअर प्रत्येक भेट वेगळी धरून जवळच्या युनिटला नेत होतं, ५ आणि ५, एकूण १०. आमच्या राज्याचं मॅन्युअल म्हणतं दिवसाची सगळी मिनिटं एकत्र करा आणि उरलेली सोडा, म्हणजे १४० मिनिटं, ९ युनिट. रोज एक युनिट जास्त, वीस माणसं, वर्षभर असं चाललं असतं तर ऑडिटमध्ये ते अपघात म्हणून कोणी ऐकून घेतलं नसतं. ही सेटिंग कोणी निवडली असं विचारलं तर उत्तर आलं की ती आधीपासूनच तशी होती, कोणी हात लावला नव्हता. लावायला हवा होता.

पण या सगळ्यापेक्षा जड गोष्ट ऑगस्टमध्ये हाती लागली. जुन्या नोंदी सॉफ्टवेअरमध्ये चढवताना एका हाऊस मॅनेजरने मला फोन केला. तिच्या घरातला एक माणूस, त्याला आर म्हणू, आदल्या वर्षी न्यूमोनियाने नऊ दिवस हॉस्पिटलमध्ये होता. बाइंडरमध्ये डीएसपीने रोज स्वच्छ लिहिलेलं, आर हॉस्पिटलमध्ये, भेटून आले, आज थोडं सूप प्यायला. आणि क्लेमच्या यादीत त्या महिन्याचे एकतीसच्या एकतीस दिवस टी२०१६ लागलेले. एक्सेल शीट महिन्याच्या सुरुवातीला सगळ्या दिवसांवर टिक करूनच उघडायची, जो दिवस नसेल तो काढायचा, आणि हे नऊ काढायला ताईंना कोणी सांगितलंच नाही. आमच्या राज्यात ज्या दिवशी माणूस घरात मुळीच नव्हता त्या दिवसाचा ग्रुप होमचा दर लावता येत नाही.

म्हणजे वर्षभर आमच्याच दोन कागदांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या होत्या आणि त्यांना शेजारी ठेवून कोणी वाचलं नव्हतं.

कोणते पर्याय होते

दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत, जुलैच्या अडकलेल्या सेवा आणि जुने हॉस्पिटलचे दिवस. मीटिंगमध्ये मात्र दोन्ही एकत्र आले आणि त्यामुळे दोन तास वाया गेले.

अडकलेल्या सेवांचं पहिलं सुचवणं होतं की सगळ्या डीएसपींना शनिवारी ऑफिसला बोलवा, पिझ्झा मागवा, आणि मागच्या तीन आठवड्यांच्या नोटा आठवून लिहून घ्या. वाईट हेतूने कोणी म्हणत नव्हतं, सेवा खरोखर दिली होती, लोक राबले होते, मग पैसे का सोडायचे? पण तीन आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारी एखाद्याने किती वेळा स्वतः चमचा धरला हे कोणाला आठवणार? जे लिहिलं जाईल ते आठवून नाही तर बिलाला हवं म्हणून लिहिलं जाईल. दुसरा पर्याय, होल्ड बंद करा, सॉफ्टवेअरमध्ये ती सोय होती, एक चेकबॉक्स काढला की नोट नसली तरी क्लेम जातो. तिसरा, जे नाही ते सोडून द्या, नुकसान सोसा. चौथा मधला, उशिराच्या नोटेला परवानगी द्या पण तिच्यावर 'उशिरा लिहिली' असा शिक्का आणि खरी तारीख दिसली पाहिजे, आणि त्याला ठरावीक दिवसांची मर्यादा.

दुसऱ्या पर्यायाकडे कल झुकत होता हे मी लपवणार नाही. पगाराची तारीख समोर असताना एक चेकबॉक्स फार छोटा दिसतो. मी म्हटलं की आर चे नऊ दिवस नेमके असेच गेलेत, नोट न बघता. खोलीत कोणी काही बोललं नाही, मग डायरेक्टर म्हणाल्या होल्ड चालूच राहील.

आर च्या बाबतीत कायदा स्पष्ट होता. २०१० च्या अफोर्डेबल केअर कायद्यानुसार जास्त घेतलेले मेडिकेडचे पैसे ओळखले गेल्यापासून ६० दिवसांत कळवून परत करायचे असतात, माहीत असून ठेवून घेतले तर ते फॉल्स क्लेम्स कायद्याखाली येतं. तो कायदा १८६३ चा, यादवी युद्धात सैन्याला खराब माल विकणाऱ्यांसाठी केलेला, आणि त्यात नुकसानीच्या तिप्पट रक्कम अधिक प्रत्येक क्लेममागे दंड अशी तरतूद आहे. तरी पर्याय होतेच. फक्त ते नऊ दिवस गुपचूप व्हॉइड, म्हणजे रद्द, करणं. किंवा सगळ्या घरांची जुनी तपासणी करून राज्याला स्वतःहून सांगणं. बोर्डवरच्या एकांनी विचारलं की आत्ता थांबलो आणि ऑडिटला सापडलं तर तेव्हा भरलं तर? वकिलांनी तो विषय तिथेच मिटवला.

काय केलं

उशिराच्या नोटेसाठी सात दिवस ठरवले. सात दिवसांच्या आत लिहिली तर शिक्क्यासकट चालेल, आणि त्या दिवसाचं टाइमशीट किंवा औषधांची नोंद त्याच्याशी जुळली पाहिजे. त्यानंतर लिहायची असेल तर जरूर लिहा कारण माणसाच्या रेकॉर्डसाठी ती हवीच आहे, पण तिचं बिल नाही. जुलैच्या बऱ्याच सेवांचे पैसे यात सोडावे लागले. डायरेक्टरनी बँकेकडून लाइन ऑफ क्रेडिट घेतली आणि पगार वेळेवर झाले.

मग मी दोन आठवडे घरांमध्ये जाऊन बसले, संध्याकाळच्या शिफ्टला. माझा स्वतःचा समज असा होता की डीएसपी टाळाटाळ करतात. तिथे बसल्यावर दिसलं ते असं, शिफ्ट रात्री अकराला संपते, पुढची अकरालाच येते, घरात चार माणसं म्हणजे चार नोटा, टॅबलेट एक, तो पण ऑफिसच्या खोलीत जिथे वायफाय तुटतं, नऊ ते साडेदहा औषधं, आंघोळी, अंथरुणं. नोट लिहायची कधी? अकरा वाजून दहा मिनिटांनी, विनापगार, बस चुकवून. लोक नोट टाळत नव्हते, नोटेसाठी आम्ही वेळच ठेवला नव्हता.

यावर आम्ही जे केलं ते या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात उपयोगाचं होतं असं माझं मत आहे. दोन शिफ्टमध्ये २० मिनिटांचं पगारी ओव्हरलॅप ठेवलं. प्रत्येक घरात दुसरा टॅबलेट दिला आणि वायफायचा एक्स्टेंडर लावला. बोलून लिहायची सोय चालू केली कारण बऱ्याच जणींची इंग्रजी ही दुसरी तिसरी भाषा, बोलताना त्या सुंदर सांगतात आणि टाइप करताना तीन शब्दांत आटपतात. ओव्हरलॅपचा खर्च ऐकून फायनान्सवाले कळवळले, पण दर महिन्याला होल्डमध्ये जाऊन सोडून द्यावे लागणारे पैसे त्याहून जास्त होते, ते शेजारी मांडून दाखवल्यावर मान्य झालं.

आणि फॉर्म बदलला. मूळ फॉर्ममध्ये कालची नोट आजच्या जागी उचलून ठेवायचं बटण होतं. त्याचा परिणाम असा की एका माणसाच्या सलग अठरा दिवसांच्या नोटा अक्षर न अक्षर सारख्या, 'चांगला दिवस गेला, ध्येयावर काम केलं, तोंडी सूचना दिली.' त्यातल्या एका दिवशी तो पडला होता आणि घटनेचा फॉर्म वेगळा भरलेला होता! ऑडिटर अशा नोटांना क्लोन म्हणतात आणि पूर्ण बिल नाकारू शकतात, पण मला जास्त लागलं ते दुसरंच, त्या अठरा दिवसांत तो माणूस कुठेच नव्हता. बटण काढून टाकलं. त्या जागी चार छोटे प्रश्न ठेवले, आज त्याने स्वतः काय केलं, मदत कुठे आणि किती लागली, त्याने काय सांगितलं किंवा दाखवलं, उद्याच्या शिफ्टला काय कळायला हवं. चौथा प्रश्न एका रात्रपाळीच्या डीएसपीने सुचवला आणि तोच सगळ्यात जास्त भरला जातो, कारण तो ऑडिटरसाठी नाही, त्यांच्याच पुढच्या माणसासाठी आहे.

आर च्या प्रकरणात पूर्ण तपासणी केली. वकिलांनी ६ वर्षं मागे जायला सांगितलं. मी, ताई आणि दोन हाऊस मॅनेजर, बाइंडर उघडून हॉस्पिटल, घरी सुट्टीवर, कॅम्प, असं जे जे सापडेल ते क्लेमच्या यादीशी लावत गेलो. चार माणसांचे मिळून ३१ दिवस निघाले. राज्याच्या मेडिकेड ऑफिसला पत्र दिलं, काय झालं, कसं सापडलं, कारण काय, आता काय बदललं, आणि जे क्लेम पोर्टलवर अजून दुरुस्त होत होते ते व्हॉइड केले, क्लेम पाठवायच्या ८३७ नावाच्या इलेक्ट्रॉनिक फाइलमध्ये फ्रिक्वेन्सी कोड ८ लावून. जुने होते त्यांचा चेक दिला.

ताईंबद्दल एक सांगायचंय. तपासणीच्या पहिल्या दिवशी त्या राजीनामा लिहून आल्या होत्या. डायरेक्टरनी तो घेतला नाही, म्हणाल्या तुम्हाला कोणी कळवलंच नाही आणि कळवायची सोय आम्ही केली नाही. माझ्या मते त्या दिवशी राजीनामा घेतला असता तर बाकीच्यांनी पुढे कधीच असं काही सापडलं तर फोन केला नसता, आणि आर चं प्रकरण तर एका फोननेच उघडलं होतं. आता हॉस्पिटलमध्ये दाखल केल्याची नोंद घरातून झाली की त्या दिवसांचं बिल आपोआप थांबतं आणि ताईंना मेसेज जातो.

काय झालं

होल्डचं प्रमाण तिसऱ्या महिन्यापासून उतरायला लागलं आणि सहाव्या महिन्यात दर बिलिंगला बोटावर मोजण्याइतक्या सेवा राहिल्या. राज्याने आमचं पत्र आणि परतफेड स्वीकारली, वेगळा दंड लावला नाही. पुढच्या वर्षी नेहमीची तपासणी आली तेव्हा मागितलेल्या नोटा एका दुपारी काढून दिल्या, आधी यालाच आठवडा जायचा आणि एखादा बाइंडर हमखास कोणाच्या तरी गाडीच्या डिकीत सापडायचा. दोन हाऊस मॅनेजर मात्र या काळात सोडून गेल्या, त्यातली एक खूप चांगली होती, आणि तिने जाताना सांगितलं की जुलैत जे तीन आठवडे गेले ते तिला विसरता येत नाहीत.

आणि एक गोष्ट अशी झाली जी कोणत्याही रिपोर्टमध्ये आली नसती.

के नावाची एक बाई, स्वतःच्या अपार्टमेंटमध्ये राहते, आठवड्याला काही तास मदत. ऑक्टोबरच्या शेवटी तिने तिच्या केस मॅनेजरला विचारलं की आम्ही आता गुरुवारी पोहायला का जात नाही, मी काही चुकले का? शोध घेतला तर कळलं की ईव्हीव्हीमध्ये तिच्या घराभोवती एक हद्द आखलेली होती, भेट त्या हद्दीबाहेर संपवली की लाल खूण यायची आणि ऑफिसमधून डीएसपीला फोन जायचा की कुठे होतीस. पूलपासून थेट बसने घरी जाणारी डीएसपी दोन तीन वेळा असे फोन घेऊन घाबरली आणि मग ती के ला घेऊन बाहेरच पडेना. कायद्याला भेट कुठे झाली ते हवंय. ती घरातच झाली पाहिजे असं कायदा कुठेच म्हणत नाही, बाहेर सुरू किंवा बाहेर संपलेली भेट चालते, आणि जीपीएसचीच सक्ती पण त्यात नाही. ती हद्द आम्ही आखली होती, आमच्या सोयीसाठी. फोन करणारी व्यक्ती पण आमचीच होती, खरं सांगायचं तर माझ्याच टीममधली.

ज्या वेव्हरचा सगळा जन्मच माणसाला चार भिंतींबाहेर जगता यावं म्हणून झाला, त्याचं बिल नीट व्हावं म्हणून आम्ही एका बाईला तीन महिने घरात बसवलं. मला याची अजून लाज वाटते. हद्द काढून टाकली, 'सेवा बाहेर संपली' असं कारण एका टॅपवर दिलं, आणि असं कारण असेल तर फोन करायचा नाही हे लेखी ठरवलं.

वेगळं काय करता आलं असतं

एक जुलै निवडायला नको होता. एका घरापासून, तेही फेब्रुवारी-मार्चसारख्या शांत महिन्यात, सुरुवात केली असती तर टॅबलेट, वायफाय, अकराची शिफ्ट हे सगळं चार माणसांपुरतंच कळलं असतं. शिवाय एक बिलिंग चक्र कागद आणि सॉफ्टवेअर दोन्हीवर चालवायला हवं होतं, बिल जुन्या पद्धतीने पाठवायचं आणि नव्याने काय निघालं असतं ते शेजारी ठेवून बघायचं, गोळाबेरजेचा घोळ तिथेच सापडला असता. काम दुप्पट होतं हे खरं, पण लाइन ऑफ क्रेडिटच्या व्याजापेक्षा स्वस्त पडलं असतं.

ऑथरायझेशनचं लोडिंग विक्रेत्याच्या माणसावर सोडायला नको होतं. ताईंच्या डोक्यात ते सगळं होतं, आणि खरेदीच्या एकाही डेमोला आम्ही त्यांना बोलावलं नव्हतं. डेमोला कोण होतं? डायरेक्टर, फायनान्स, आयटी, मी. नोटा लिहिणारं कोणी नाही, बिल पाठवणारं कोणी नाही.

सेटिंग्जबद्दल एवढंच सांगते, राउंडिंग, होल्ड, उशिराच्या नोटेची मुदत, हद्द, या प्रत्येकापुढे राज्याच्या मॅन्युअलचं पान आणि ठरवणाऱ्याचं नाव लिहून ठेवा. आम्ही नंतर केलं, एकूण बेचाळीस ओळींचा कागद झाला, त्यातल्या अकरा ठिकाणी आधीचीच सेटिंग चालू होती आणि ती का हे कोणालाच सांगता आलं नाही.

सात दिवसांची मर्यादा बरोबर होती का यावर आमच्यात अजून मतभेद आहेत. मला ती आता जास्त वाटते, चौथ्या दिवसानंतरच्या नोटा वाचल्या की फरक लगेच कळतो, माणूस पुसट होत जातो. ताई म्हणतात की डीएसपी आजारी पडली, तिचं मूल आजारी पडलं तर तीन दिवसांत कसं होणार. दोघींचं खरं आहे, म्हणून अजून सातच आहेत.

आणि के ला, आर ला, किंवा त्यांच्यापैकी कोणालाही आम्ही विचारलंच नाही. त्यांच्याबद्दल कोण काय लिहितं, कुठे लिहितं, ते त्यांना बघता येतं का, हे सगळं त्यांच्या आयुष्याचं रेकॉर्ड असून त्यांच्याशिवाय ठरलं. गुरुवार परत सुरू झाल्यावर मी के कडे टॅबलेट घेऊन गेले आणि तिची पानं तिला दाखवली, नोटा वाचून दाखवल्या, विचारलं यात काय बदलावंसं वाटतं. तिने बराच वेळ स्क्रीन बघितली आणि म्हणाली फोटो, हा जुना आहे, यात माझे केस लांब आहेत. तिथेच नवीन काढला, पूलला निघताना, टॉवेल खांद्यावर घेऊन, आणि तोच आता तिच्या प्रत्येक नोटेच्या वर असतो.